शुक्रवारी गाढवांना सुट्टी असते!

सहलीचा बेत ठरला की घरातल्या सगळ्यांची सुट्टी सुरू होते आणि घरातल्या बाईचे काम दुप्पट होते. हे मी काही नवे सांगत नाही. आधी चार दिवस कपड्यांच्या याद्या, औषधांचा डबा, वाटेत तोंडात टाकायला काहीतरी, तिकडे पोचल्यावर "आई, माझा टॉवेल कुठाय?", आणि परत आल्यावर वाळूने भरलेल्या कपड्यांचा डोंगर! देश बदलला म्हणून यात फारसा फरक पडत नाही, हे मँचेस्टरजवळ अठरा वर्षे संसार केल्यावर मी खात्रीने सांगू शकते. म्हणूनच २०२४ च्या जुलैत आम्ही पाच जणांनी दोन दिवस ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचे ठरवले, तेव्हा मी सुरुवातीलाच एक अट घातली. या दोन दिवसांत आपल्या घरातली कुठलीही बाई स्वयंपाक करणार नाही, डबा भरणार नाही, चहासुद्धा टाकणार नाही.

अट माझ्यासाठी होतीच, पण त्याहून जास्त ती माझ्या सासूबाईंसाठी होती.

सासूबाईंचे घर अलिबागच्या पुढे, रेवदंड्याच्या अलीकडे. नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या कुंपणापलीकडे समुद्र. मे महिना लागला की मुंबईचे नातेवाईक भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे आणि तिथून एसटीने घरी. कुणी आठ दिवस, कुणी पंधरा. पाहुण्यांनी समुद्रावर जायचे आणि सासूबाईंनी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापायच्या, मासे तळायचे, सोलकढी करायची. अशी पन्नास वर्षे गेली. पाहुणे म्हणायचे, "वहिनी, तुम्ही नशीबवान! रोज समुद्र!" आणि वहिनींना मात्र समुद्र दिसायचा तो वाळत घातलेले कपडे काढताना. मामंजी गेल्यावर दोन वर्षांनी त्या आमच्याकडे आल्या, तर इथेही आल्या दिवसापासून त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "तू कामावरून दमून येतेस, मी रिकामीच आहे," हे वर! गणपतीच्या आत त्यांना परत जायचे होते. म्हणजे हातात उरलेले शनिवार-रविवार बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातला एक तरी त्यांनी समुद्राकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून नुसते बसावे, एवढीच माझी इच्छा होती.

पण ब्लॅकपूलच का? आमच्या हायस्कूलमधल्या लेकीने नाक मुरडलेच. "आई, तिकडे फक्त म्हातारे लोक जातात!" मी म्हटले, "अगं, मग आजीसाठी बरंच की!" थट्टा सोडा, पण ब्लॅकपूल निवडायला माझ्याकडे कारण होते. ही जागा श्रीमंतांच्या हौसेवर मोठी झाली नाही, गिरणी कामगारांच्या सुट्टीवर मोठी झाली. १८४६ साली तिथे रेल्वे पोचली आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांतून माणसे लोटू लागली. ओल्डहॅम, बोल्टन, बर्नली, ब्लॅकबर्न अशा एकेका गावाचा उन्हाळ्यातला एक आठवडा ठरलेला असायचा. त्याला वेक्स वीक म्हणत. त्या आठवड्यात गावातल्या गिरण्या बंद, बॉयलरची दुरुस्ती चालू, आणि अख्खे गाव रेल्वेने समुद्रावर! कायद्याने पगारी रजा मिळायला १९३८ साल उजाडावे लागले. तोवर ही सुट्टी बिनपगारी असे. मग पैसे कुठून आणायचे? तर वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे साठवायचे आणि सुट्टीच्या तोंडावर एकदम उचलायचे. त्यासाठी गिरण्या-गिरण्यांतून बचत मंडळे असत. सासूबाईंना हे सांगितले तर त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे भिशीच की गं!" अगदी बरोबर, भिशीच.

आणि उतरायचे कुठे? तर घरगुती खानावळीवजा बंगल्यांत. ब्लॅकपूलची घरमालकीण ही इंग्लंडात एवढी प्रसिद्ध, की जॉन वॉल्टन नावाच्या इतिहासकारांनी १९७८ साली तिच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. जुन्या काळी तिच्याकडे एक मजेशीर पद्धत होती. पाहुण्यांनी आपापला शिधा, म्हणजे मटण, बटाटे, अंडी, स्वतः बाजारातून आणून द्यायचा आणि मालकिणीने तो ज्याचा त्याला शिजवून वाढायचा. भाडे खोलीचे आणि रांधण्याचे. टेबलावरची मीठ-मिरी वापरली तर तिचे पैसे वेगळे! आता कल्पना करा, एका चुलीवर सहा कुटुंबांचे सहा प्रकारचे जेवण, आणि कुणाचा बटाटा कुणाच्या ताटात जाता कामा नये. गिरणीतल्या बाईला वर्षातून एक आठवडा रांधण्यापासून सुटका मिळायची ती दुसऱ्या बाईच्या जिवावर. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर रेवदंड्याचे घर आले नसते तरच नवल.

तर आता बेताकडे वळते. कुठल्याही समुद्रसहलीत पहिला प्रश्न येतो तो ‘कधी?’ हाच. ब्लॅकपूलला दोन मोसम. एक जून-जुलैचा, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेडाचा. दुसरा रोषणाईचा. १८७९ साली तिथे समुद्राकाठी विजेचे आठ दिवे लावले होते. तेव्हा विजेचे दिवे म्हणजे अपूर्वाई. ते बघायला झुंबड उडाली. त्यातूनच पुढे किनाऱ्याची रोषणाई सुरू झाली. आज सुमारे सहा मैलांचा रस्ता दिव्यांनी उजळतो, आणि अलीकडे ती ऑगस्टअखेरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते. धाकट्याला रोषणाई हवी होती. पण ऑगस्टअखेर सासूबाई गणपतीच्या तयारीला घरी पोचलेल्या असणार. शिवाय त्या रात्री नऊला झोपणाऱ्या. तेव्हा शाळा सुटल्यावरचा जुलैअखेरचा शनिवार-रविवार पक्का झाला. "रोषणाई दिवाळीला," असे धाकट्याला वचन दिले आणि ते पाळलेही.

हे म्हणाले, "शुक्रवारी मी रजा घेतो. सकाळीच निघू, म्हणजे तीन दिवस मिळतील." बेत चांगला होता. पण धाकट्याचा सगळा जीव अडकला होता वाळूवरच्या गाढवांत. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून ब्लॅकपूलच्या वाळूवर मुलांना गाढवावर बसवून फिरवतात. आपल्या चौपाटीवर घोडे असतात ना, तसेच. त्याची चौकशी करता करता एक गंमत कळली. या गाढवांसाठी १९४२ पासून नगरपालिकेचे रीतसर नियम आहेत. काम सकाळी दहा ते संध्याकाळी सात. मध्ये जेवायला तासभर सुट्टी. आठ स्टोनहून, म्हणजे साधारण पन्नास किलोंहून, जड माणूस पाठीवर घ्यायचा नाही. आणि आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, पूर्ण सुट्टी!

मी हे जेवताना मोठ्याने सांगितले. सासूबाई पोळी लाटत होत्या. (आम्ही जेवत होतो आणि त्या लाटत होत्या, हे लक्षात घ्या!) लाटणे हातात तसेच धरून त्या म्हणाल्या, "काय म्हणतेस? गाढवालासुद्धा आठवड्याची सुट्टी? आणि जेवायला तासभर?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या दहा जन्मांत नाही मिळाली ती." बोलल्या त्या हसतच, पण टेबलावर कुणी हसले नाही. लेक उठली, तिने आजीच्या हातातले लाटणे काढून घेतले आणि ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या पोळ्यांना कोपरे आले ते सोडा. माझी अट मात्र त्या क्षणी एकमताने मंजूर झाली.

शुक्रवारी दुपारी निघायचे, शनिवारी गाढवे, रविवारी संध्याकाळी परत, असे ठरले. आता राहिली भरती-ओहोटी. मैत्रिणींनो, इंग्लंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर ती बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. इथे मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी आठ-नऊ मीटर चढते-उतरते. ओहोटीला वाळूचे मैदान लांबवर उघडे पडते आणि भरतीला पाणी थेट धक्क्याच्या पायऱ्यांना लागते. वाळू शिल्लकच राहत नाही. मुलांना वाळूचा किल्ला बांधायला न्यावे आणि समोर नुसते पाणी, असे व्हायला नको. इथे वर्षाचे भरतीचे तक्ते छापून मिळतात. मी तक्ता शोधू लागले तर सासूबाई म्हणाल्या, "तक्ता कशाला? तिथी सांग." भिंतीवर कालनिर्णय होतेच. शनिवारी आषाढ वद्य सप्तमी, रविवारी अष्टमी. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बारा. "वाळूवर जायचं ते दुपारी. आणि अष्टमीची भांगाची भरती, तिला जोर नसतो. पोरांना भीती नाही."

हे गालातल्या गालात हसले, म्हणाले, "आई, ते रेवदंड्याचं गणित इथे कसं चालेल?" पण छापील तक्ता काढून बघितला, इथल्या उन्हाळी घड्याळाचा पुढे केलेला एक तास धरला, आणि काय सांगू, सासूबाईंचे गणित तासाभराच्या फरकाने जुळले! त्याचे कारण असे, की अलिबागच्या किनाऱ्यावर काय किंवा लँकेशायरच्या या किनाऱ्यावर काय, पौर्णिमा-अमावास्येची पूर्ण भरती दुपारी नि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. हा योगायोग आहे बरं का, सगळ्या किनाऱ्यांना हा हिशेब लागू पडत नाही. तेव्हा परक्या जागी छापील तक्ताच प्रमाण मानावा. पण त्या दिवशी नातवंडांनी आजीकडे ज्या नजरेने बघितले, ते बघून मला बेताचा निम्मा खर्च वसूल झाल्यासारखे वाटले.

उतरायची जागा शोधणे हे खरे जिकिरीचे काम. मोठ्या हॉटेलात लिफ्ट असते, पण घरगुती गेस्टहाउस स्वस्त आणि आपुलकीचे. मी पाच-सहा ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकीला तेच पाच प्रश्न विचारले. तळमजल्यावर खोली आहे का? नाहीतर जिना किती पायऱ्यांचा, नि त्याला कठडा आहे का? न्हाणीघर खोलीतच आहे ना? नाश्त्याला मांस न खाणाऱ्यांसाठी काय, आणि ते वेगळ्या तव्यावर करता का? ट्रामचा थांबा किती पावलांवर? गुडघेदुखी असलेले वडीलधारे माणूस बरोबर असेल, तर समुद्राच्या देखाव्यापेक्षा या पाच प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची. एका ठिकाणी मालकीणबाई स्वतःच म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना अंडं चालतं का? मश्रूम, टोमॅटो, बीन्स, टोस्ट देते. तवा नवा काढते." तिथेच दोन खोल्या ठरवल्या. एक बायकांची, एक पुरुषांची.

जेवणाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवते. सोमवार-चतुर्थी सोडून सासूबाई मासे खाणाऱ्या. त्यामुळे समुद्रावरचे प्रसिद्ध तळलेले मासे नि बटाट्याच्या जाड फोडी त्यांना आवडणार, याची मला खात्री होती. पण उत्तर इंग्लंडातल्या पुष्कळ दुकानांत हे तळण गायीच्या चरबीत करायची जुनी रीत आहे. नुसत्या बटाट्याच्या फोडीही त्यातच तळतात. म्हणून आधी विचारावे, "तेलात तळता की चरबीत?" विचारल्याचा कुणाला राग येत नाही. तेलात तळणारी दुकानेही भरपूर आहेत. आणि फोडी उघड्यावर खाताना डोक्यावर लक्ष असू द्या! तिथले समुद्रपक्षी आपल्या कावळ्यांचे थोरले भाऊ. हातातला घास पळवतात.

कपड्यांचे म्हणाल तर नियम एकच. जुलै असला तरी स्वेटर हवाच. तिथला वारा कॅलेंडर बघून वाहत नाही. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. छत्री नेऊच नये, पहिल्याच झोतात ती उलटते. टोपीचा रेनकोट बरा. साडी नेसणाऱ्यांनी आत उबदार पायजमा घालावा आणि पदर पिन लावून पक्का करावा. घडीची एक हलकी खुर्ची नेली तर वडीलधाऱ्यांची सोय होते. पायाची वाळू झाडायला टाल्कम पावडरीचा डबा न्या. ओल्या पायाला चिकटलेली वाळू पावडर टाकून पुसली की चटकन निघते. आणि परतीचे कपडे सोडून बाकी प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरायची. हा नियम मी त्या वेळी केला आणि तो अजून मोडलेला नाही.

शुक्रवारी आगगाडीने निघालो. मँचेस्टरहून दीडएक तासाचा प्रवास. शेवटी शेवटी सपाट शेते लागतात आणि मग आकाशात मनोरा दिसतो. पॅरिसचा आयफेल मनोरा बघून ब्लॅकपूलकरांनी १८९४ साली बांधलेला. उंची ५१८ फूट. "पहिला कुणाला दिसतो?" हा खेळ गिरणी कामगारांची मुले खेळायची, तोच आमच्या पोरांनी खेळला. नॉर्थ स्टेशनपर्यंत ट्राम त्याच जूनमध्ये सुरू झाली होती, त्यामुळे सासूबाईंना चालावे लागले नाही. ब्लॅकपूलची ट्राम १८८५ ची, विजेवर चालणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या ट्रामांपैकी एक. आताचे डबे नवे, जमिनीलगतचे. पाय उचलायचे कष्ट नाहीत. पाऊस आला तर काय करायचे, याचे उत्तरही ट्रामच. दिवसभराचा पास काढावा आणि थेट फ्लीटवुडपर्यंत समुद्र बघत जावे-यावे.

खोलीवर पोचल्यावर सासूबाईंनी पिशवी उघडली आणि आतून निघाल्या दशम्या, लसणाची चटणी आणि मेतकुटाची पुडी! मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "आई, आपलं काय ठरलं होतं?"

"मी आज कुठं काय केलंय? हे काल केलंय. अट आजपासून आहे ना?"

यावर काय बोलणार? दशम्या सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. हे तर म्हणाले, "अट घालणारीनेच दोन जास्त खाल्ल्या."

शनिवारी दुपारी ओहोटीच्या वेळी वाळूवर गेलो. धाकटा गाढवावर बसला. सासूबाईंनी गाढवाच्या कपाळावर हात फिरवला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितले. काय ते आम्हाला कळले नाही. मग खुर्ची उघडून त्यांना समुद्राकडे तोंड करून बसवले. पहिली दहा मिनिटे त्यांचे हात सारखे पदराशी चाळा करत होते. "काही करायला नाही म्हटलं की चुकल्या-चुकल्यासारखं होतं गं," त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. लेकीने शेजारी वाळूत बसकण मारली. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन आले तर सासूबाई नातीला सांगत होत्या, की लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी मामंजी त्यांना पुनवेच्या रात्री वाडीतून समुद्रावर घेऊन गेले होते. एकदाच. मग थोरला दीर जन्मला, आणि मग राहूनच गेले. अठरा वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. त्यांच्या मुलानेही नाही.

संध्याकाळी मनोऱ्याखालच्या नाचाच्या दिवाणखान्यात गेलो. १८९९ चा तो भव्य सोनेरी महाल आहे. तिथल्या वुर्लिट्झर ऑर्गनवर रेजिनल्ड डिक्सन यांनी १९३० पासून चाळीस वर्षे वाजवले. आजही ऑर्गन वाजतो आणि माणसे नाचतात. तरणीताठी थोडी, साठी-सत्तरीची जास्त. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींचा हात धरून शांतपणे गोल गोल फिरत होत्या. सासूबाई कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत होत्या.

माझ्या मनात मात्र सगळ्यात ठसली ती रविवारची सकाळ. नाश्ता झाल्यावर मालकीणबाई टेबल आवरत होत्या. वय सत्तरीकडे झुकलेले, पायात सपाता, कमरेला एप्रन. सासूबाईंनी मला दुभाषी केले. "विचार त्यांना, किती वर्षं करता हे?" एकतीस. "मोसमात किती पाहुणे?" त्यांनी आकडा सांगितला. सासूबाईंनी मान डोलावली. एक जाणकार दुसऱ्या जाणकाराला मान देतो, तशी. मग विचारले, "तुम्ही समुद्रावर जाता की नाही?"

मालकीणबाई हसल्या. म्हणाल्या, "समुद्र? तो काय, समोरच तर आहे!"

मी भाषांतर करायच्या आधीच सासूबाई हसू लागल्या. पन्नास वर्षे पाहुण्यांना त्या हेच उत्तर देत आल्या होत्या.

"त्यांना म्हणावं, दहा मिनिटं चला आमच्याबरोबर." पण ते शक्य नव्हते. रविवार, जुने पाहुणे जाणार, दुपारी नवे येणार, सहा खोल्यांच्या चादरी बदलायच्या. मालकीणबाईंनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. मी सामान आवरायला खोलीत गेले तर सासूबाईंनी सगळ्या पलंगांच्या चादरी, अभ्रे काढून, नीट घड्या घालून दाराशी ठेवलेले! अट मोडली म्हणून मी रागवायला हवे होते. पण मी दुसऱ्या खोलीत गेले आणि यांना नि धाकट्याला म्हटले, "तुम्हीही काढा."

ब्लॅकपूल आता पूर्वीचे राहिलेले नाही. १९६०-७० नंतर स्वस्त विमाने स्पेनला जाऊ लागली, आणि कितीतरी गेस्टहाउसांना कुलपे लागली. मागच्या गल्ल्यांत रंग उडालेली घरे दिसतात. तरी समुद्रावर अजून माणसे येतात, आणि त्यांच्या सुट्टीसाठी कुणीतरी पहाटे उठते. आपल्याकडेही आता नागाव, दिवेआगर, गुहागरला घरोघरी पाहुण्यांची सोय झाली आहे. मोदक, आंबोळ्या, घावने गरम गरम पानात पडतात. तेव्हा पुढच्या सुट्टीचा बेत आखाल, तेव्हा दोन गोष्टी यादीत घाला. घरातल्या बाईच्या नावापुढे ‘काम’ या रकान्यात काही लिहू नका. आणि जिच्याकडे उतराल, तिला नाश्ता किती वाजता हवा ते आदल्या रात्रीच सांगा. सगळ्यांनी एकाच वेळी खाल्ले तर तिचा एक तास वाचतो.

सासूबाई ऑगस्टमध्ये घरी परतल्या. गणपती झाले, दिवाळी झाली. फेब्रुवारीत मुंबईच्या पुतण्याचा त्यांना फोन आला, "काकू, यंदा मे महिन्यात आठ जण येतोय." सासूबाई म्हणाल्या, "या की! घर तुमचंच आहे. फक्त शुक्रवारी आपापलं बघायचं. शुक्रवारी मी समुद्रावर असते."